वरच्या खोलीचा टॅक्स

नागपूरच्या गांधीबागेतली आमची इमारत बोळात आहे. खाली दोन दुकानं, दोन्ही कापडाची, दोन्ही जुन्या भाडेकरूंची. मधल्या मजल्यावर थोरला भाऊ आणि वहिनी. वर गच्चीला लागून एक लांबट खोली. मी नोकरीपायी बाहेरगावी राहिलो, बँकेतून निवृत्त होऊन परतलो आणि घरातले सगळे कागद आपसूक माझ्याकडे सरकले. बँकेत होता म्हणजे याला आकडे कळतात, असा लोकांचा समज असतो. त्याच सुमारास टॅक्सचं बिल एकदम फुगून आलं. दादा म्हणाला, "रेट वाढवला बे त्यांनी." शेजारी तेच म्हणाले, पानठेल्यावरही तेच.

रेट मात्र होता तिथेच होता. बिल टेबलावर पसरलं, शेजारी मागच्या वर्षीचं ठेवलं, आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ ताडत गेलो. टक्के तेच होते. ज्याच्यावर टक्के लावतात ती रक्कम बदललेली होती, आणि बिलाच्या वरच्या भागात, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे एका खोलीचा 'वापर' बदललेला होता. आधी निवासी, आता बिगरनिवासी.

वरची खोली कागदोपत्री गोदाम झाली होती.

त्या बिलात ओळी बऱ्याच असतात. सामान्य कर, जललाभ, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष, महापालिकेचा शिक्षण कर. मग शासनाचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. घर १२५ चौरस मीटरच्या वर गेलं तर मोठ्या निवासी जागेवरचा आणखी एक, तोही शासनाचा, १९७९ च्या कायद्याने आलेला. आपण सगळ्याला मिळून महापालिकेचा टॅक्स म्हणतो आणि शिव्याही तिलाच घालतो. शासनाच्या नावाच्या ओळींत मात्र महापालिका नुसती वसुली करते. तो पैसा पुढे मंत्रालयाकडे जातो.

रोजगार हमीच्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची योजना त्या काळात राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा उभा करायला शहरांवर कर बसले. नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यातलाच. दुकान-गोदामांच्या टॅक्समधली ही ओळही त्यातलीच, म्हणून ती राहत्या घराला लागत नाही. म्हणजे आमच्या खालच्या दुकानातून साडी विकली गेली की तिच्या किमतीतला एखादा पैसा गडचिरोलीतल्या किंवा माणदेशातल्या पाझर तलावाकडे जाणार, अशी मूळ आखणी होती. मला ती तेव्हाही पटली असती आणि आजही पटते. न पटण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे.

शिक्षण कर आणि रोजगार हमी कर ज्या १९६२ च्या कायद्याखाली चालतात, त्यात मूल्याचे टप्पे ठरवलेले आहेत. वार्षिक मूल्य १५० रुपयांपर्यंत, ३०० पर्यंत, ३,००० पर्यंत, ६,००० पर्यंत आणि त्याच्यावर. टप्पा चढला की दर चढतो. सगळ्यात वरच्या टप्प्यात निवासी जागेला शिक्षण कर ६ टक्के, बिगरनिवासी जागेला दुप्पट, म्हणजे १२ टक्के, आणि वर रोजगार हमीचे ३ टक्के. वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५०० रुपये. ज्या काळी हे टप्पे पडले त्या काळी महिना ५०० भाड्याची जागा म्हणजे बंगलाच. आज गांधीबागेत ५०० रुपयांत हातगाडी लावायला कोण जागा देतो? टप्पे तिथेच राहिले, रुपया वाहून गेला, आणि श्रीमंतांसाठी ठेवलेल्या पायरीवर आता सगळेच उभे आहेत. विधिमंडळात कोणी उठून दर वाढवायची गरजच पडली नाही.

आता हिशेब बघा. समजा एका खोलीचं अपेक्षित भाडं महिना ५,००० धरलं. वर्षाचे ६०,००० झाले. देखभाल-दुरुस्तीपोटी कायद्याने १० टक्के वजा होतात, उरले ५४,०००. खोली राहती असेल तर शासनाचा शिक्षण कर ३,२४० आणि रोजगार हमी शून्य. तीच खोली, त्याच भिंती, पण आत माल असेल तर शिक्षण कर ६,४८० आणि रोजगार हमी १,६२०. नुसत्या शासनाच्या दोन ओळींतच ३,२४० चे ८,१०० झाले. शिवाय बिगरनिवासी ठरलेल्या जागेचं भाडं मुळातच चढं धरतात, तो फरक निराळा. रेटबद्दल पानठेल्यावर कितीही भांडा, हा खेळ रेटच्या ओळीत होत नाही.

खोली गोदाम कशी झाली ते वहिनींनी सांगितलं. टॅक्सच्या सर्वेक्षणाला माणसं आली त्या आठवड्यात पाऊस धो धो पडत होता. बोळात पाणी ओट्यापर्यंत चढलं. खालच्या सेठजींनी वहिनींकडे किल्ली मागितली आणि हमालाकरवी गठाणी वर चढवल्या. मापाची टेप घेऊन आलेल्या मुलाने दार उघडलं तर समोर छतापर्यंत थान रचलेले, त्यावर प्लास्टिक, कोपऱ्यात बिल्टीचे कागद. त्याने जे दिसलं ते लिहिलं. मी त्याच्या जागी असतो तर दुसरं काय लिहिलं असतं?

सेठजींना विचारलं तर ते म्हणाले, "दो दिन का काम था, भाऊसाहेब."

गठाणी अजून तिथेच होत्या.

बाबांच्या लोखंडी पेटीत जुन्या पावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. तो सोडला तेव्हा कळलं की इतकी वर्षं हे दुखणं का जाणवलं नाही. पूर्वी टॅक्स ठरायचा प्रत्यक्ष भाड्यावर, आणि भाडं तर गोठलेलं. विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश होता. रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय भाडेकरूला हलवता येत नसे. १९८० मध्ये दिवाण दौलतराय कपूर यांच्या दिल्लीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडेनियंत्रण असेल तिथे कराचं भाडेमूल्य प्रमाण भाड्याच्या वर नेता येत नाही. म्हणजे भाडं जितकं जुनं, तितका टॅक्स स्वस्त. बाबांच्या पावत्यांवरचे आकडे वर्षानुवर्षं जवळपास तेच. जुन्या शहरातल्या इमारती अशाच टिकल्या, आणि अशाच मोडकळीलाही आल्या. भाड्यातून गिलावा होत नव्हता, पण टॅक्सनेही कोणाची मान पिळली नव्हती.

२०१५ नंतर नागपुरात आकारणीची पद्धत बदलली, घरोघर नव्याने मोजणी झाली. त्यामागे कारणही होतं. २०१३ मध्ये नागपूरची जकात गेली, नाके बंद झाले. तिच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराविरुद्ध, म्हणजे एलबीटीविरुद्ध, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून केलेलं आंदोलन गांधीबाग-इतवारीतल्या कोणी विसरलेलं नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये एलबीटीही बहुतेकांसाठी उठली, २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून महापालिका राज्याकडून येणाऱ्या अनुदानाची वाट बघते. स्वतःच्या हाताने लावायचा मोठा कर म्हणून तिच्याकडे राहिला तो आपल्या घरादारावरचा. एलबीटी गेल्याचे पेढे वाटणाऱ्या सेठजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विषय बदलून चहा मागवला.

दहा झोन आहेत शहरात, आमचा सहावा. गांधीबाग-महालचा झोन म्हणजे जुनं नागपूर: बोळ, वाडे, बाजार, डागा हॉस्पिटलसारखी सरकारी इमारत, पावलागणिक देऊळ. देवळाला सामान्य कर माफ, पण देवळाने दुकानं भाड्याने दिली असतील तर तेवढ्या भागाला माफी नाही. मार्च आला की कोणत्या झोनची वसुली किती, याचे तक्ते पेपरात येतात. पण झोन स्वतः काहीच ठरवत नाही. ना दर त्याचा, ना खर्च त्याचा.

माझा भाचा टेक्सासमध्ये प्लॅनोला असतो. रविवारी फोनवर मी हे गाऱ्हाणं सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, माझं बिल पाठवतो, बघून घे." त्याच्या बिलातही ओळीच ओळी. शहराची एक, कॉलिन काउंटीची एक, कॉलेजची एक आणि सगळ्यात मोठी शाळांच्या मंडळाची. प्रत्येक ओळीमागे लोकांनी निवडलेलं वेगळं मंडळ. ते आपला दर दर शंभर डॉलर किमतीमागे जाहीर सभेत स्वतः ठरवतं. घराची किंमत ठरवणारं कार्यालय आणखी निराळं. ती पटली नाही तर साधारण १५ मेपर्यंत हरकत घ्यायची. राज्याला तिथे मालमत्ता कर लावायला राज्यघटनेचीच बंदी. मी म्हटलं, वा, म्हणजे तुमचा पैसा तुमच्या गावात राहतो. तो हसला. शाळांच्या ओळीतला बराच पैसा 'रिकॅप्चर' म्हणून राज्यातल्या गरीब मंडळांकडे वळवतात. ही व्यवस्था १९९३ पासूनची, आणि प्लॅनोसारखं सधन मंडळ तो भरत आलंय. म्हणजे त्याची रोजगार हमी! फरक इतकाच की त्याच्या गावचे लोक त्यावर निवडणुकीत भांडतात. आमच्या बोळात ही ओळ कशाची आहे, हे मी विचारलेल्या एकालाही सांगता आलं नाही.

ताईचं घर शहराबाहेर, ग्रामपंचायतीत. तिची पावती एवढीशी: घरकर, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. तिथे आता घराचं भांडवली मूल्य काढतात, घसारा आणि वापराचा भारांक लावतात आणि दर हजारी काही पैसे घेतात. नमुना आठवर सगळं दिसतं. तिला टॅक्स कमी, पण मेट्रो तिच्या दारी जात नाही. आमच्याकडे २०२२ पासून अग्रसेन चौकात थांबते. ताईचं म्हणणं, "तू मेट्रोत बस अन् टॅक्स भर. मी स्कूटीवर बरी."

वरच्या खोलीबद्दल महापालिकेत हरकत लिहून दिली. त्याआधी सेठजींना गठाणी उतरवायला लावल्या, आणि ते सगळ्यात कठीण काम होतं. 'सीझन संपू द्या', 'हमाल गावी गेला', 'खाली वाळवी आहे' अशी कारणं चालली. शेवटी वहिनींनी किल्लीच काढून घेतली. खोलीत दादाची खाट परत टाकली, कूलर बसवला, भिंतीवर नातीचा अभ्यासाचा तक्ता लटकवला. पाहणीला कनिष्ठ कर्मचारी आले, मान वर करून छत बघितलं, मग कूलरची पाण्याची टाकी उघडून आत हात घातला. ओली होती. त्यांनी टिपण केलं. माणूस हुशार! कोरडा कूलर म्हणजे देखावा, हे नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही.

सुनावणीत समोरचे अधिकारी शांतपणे बोलले. खोली पुढच्या आकारणीपासून निवासी धरू, पण ज्या काळात माल होता त्या काळाचं बिल राहील. मी वाद घातला नाही. माल होताच. अपिलात जायचं तर आधी रक्कम भरावी लागते, आणि न भरता बसलो तर महिना २ टक्के शास्ती. बँकेत असताना इतक्या व्याजाची ठेव कोणी मागितली असती तर मी त्याला पाणी पाजून घरी पाठवलं असतं. जूनअखेर भरणाऱ्याला सूट होती, ती घेऊन भरून टाकलं.

उरला सवाल गठाणींच्या काळातल्या फरकाचा. खालच्या दुकानाचं भाडं इतकं जुनं आहे की वर्षभराचं गोळा केलं तरी त्या दुकानाच्या टॅक्सला पुरत नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते आणि टॅक्स वाढला तर तो भारही भाड्यात घालता येतो. पण शंभराच्या आतबाहेरच्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे एक कटिंग चहासुद्धा नाही.

हिशेबाचा कागद मी सेठजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, कॅल्क्युलेटरवर ताडून बघितला, आणि पूर्ण फरक द्यायला लगेच तयार झाले. मला आश्चर्य वाटलं. मग अट आली. पैसे ते स्वतः खिडकीवर भरणार आणि वरच्या खोलीच्या भोगवटादाराच्या रकान्यात त्यांचं नाव लागणार. टॅक्सची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे कोर्टांनी कितीदा तरी सांगितलं आहे, पण गांधीबागेत पंचवीस वर्षांनी कोणता कागद कोणाच्या पेटीतून निघेल याची खात्री कोर्टालाही नसते. मी म्हटलं, "सेठजी, पैसे माझ्याकडे द्या. पावती मी देतो, माझ्या सहीची, माल ठेवल्याच्या भरपाईची." त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि निम्म्यावर घासाघीस सुरू केली.