केकवरचं फूल साखरेचंच हवं

परभणीत स्वागतसमारंभाच्या केकवर फुलांचा टॉपर लागतो, हे आता सगळेच धरून चालतात. वाद उरतो तो फूल कशाचं असावं याचा. घरच्यांची पसंती बहुधा ताजा गुलाब आणि जिप्सोच्या तुऱ्याला असते. तो स्वस्त पडतो आणि हां हां म्हणता लागतो. साखरेची फुलं हातानं करणारी म्हणून माझं मत उलट आहे. केकला टेकणारं फूल साखरेचंच असावं. बाजारातला गुलाब हारासाठी, मांडवासाठी पिकवलेला असतो. त्यावर शेवटची फवारणी कधी झाली आणि तोडणी कधी, हे कुणी विचारत नाही, कारण तो कुणी खाणार नसतो. देठ क्रीममध्ये रुतला की मात्र तो प्रश्न थेट बशीत येतो. शिवाय कण्हेर आणि कळलावी देखण्या असल्या तरी जात्याच विषारी, आणि चाफ्याचा चीक अंगाला लागला तरी चुरचुरतो. देठाला प्लास्टिक गुंडाळलं की झालं, असं सांगतात. पण पाकळ्या क्रीमवर टेकलेल्याच राहतात.

आपल्या उन्हात साखर टिकेल का, हा नेहमीचा आक्षेप. साखरेचं वैर उन्हाशी नाही, दमटपणाशी आहे. गमपेस्ट म्हणजे वस्त्रगाळ पिठीसाखर, डिंक आणि थोडं पाणी. पाणी उडालं की पाकळी कडक होते, हवेतली ओल शोषली की मान टाकते. मराठवाड्यातली बरीचशी लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि चातुर्मास लागला की थांबतात. ओले महिने पंचांगानंच वगळून दिले आहेत! मुंबईच्या कारागिराला पाकळ्या वाळवायला एसी लावावा लागतो. इथे मे महिन्यात ४० अंशांपुढच्या कोरड्या हवेत त्या इतक्या झपाट्यानं वाळतात की कड पातळ करेपर्यंत चिरतात. म्हणून गमपेस्टचा गोळा झाकलेला हवा आणि बोटांना किंचित वनस्पती तूप. खरा घात फ्रीज करतो. थंड झालेलं फूल बाहेर काढलं की त्यावर दव धरतं. त्यामुळे टॉपर फ्रीजबाहेर ठेवून केक कापायच्या जरा आधी लावावा, आणि तोही केकखालच्या पुठ्ठ्यापर्यंत गेलेल्या नळीवर, कारण उकाड्यात क्रीम नरम पडतं आणि जड तुरा कलतो.

अंड्याचा आक्षेप रास्त आहे. पांढरा बलक किंवा जिलेटिन घातलेली गमपेस्ट अनेक घरांना चालत नाही. पण कतिरा डिंक किंवा सीएमसी पावडरवर तेच काम होतं. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी तर अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगमध्ये मोठमोठ्या वास्तू उभ्या केल्या आहेत. त्यापुढे आपली पाकळी ती काय! याहून अवघड प्रश्न दुसराच. फुलात तार असते, ते कुणी खाणार नाही, मग साखरेचा खटाटोप कशाला, क्लेचं किंवा फोमचं का नको? कारण फूल खाल्लं नाही तरी त्याचा चुरा केकवर पडतोच. घरगुती क्ले म्हणजे कॉर्नफ्लोअर आणि चिकटवायचा गोंद. फोमच्या फुलावरची चमकी तर प्लास्टिकची. साखर पडली तर साखरच पडते. हलव्याचे दागिनेसुद्धा खाण्यासाठी कुणी घालत नाही, तरी ते साखरेचेच करतो. ताजंच हवं असा हट्ट असेल तर फुलं केकभोवती टेबलावर मांडावीत. तिथे माझी हरकत नाही.

उरलं फूल कोणतं, ते. विलायती पिओनीचे फोटो घेऊन येणाऱ्यांना मी कापसाचं फूल सुचवते. शेतातलं खरं फूल पावसाळ्यात, म्हणजे बिनमुहूर्ताच्या दिवसांत फुलतं आणि तोडलं की टिकत नाही, त्यामुळे ते कुठल्याच हारात दिसत नाही. अमेरिकन कापसाचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. साखरेत दोन्ही रंग एका तुऱ्यात बसतात. त्याच साच्याच्या पाच पाकळ्यांना बुडाशी गडद तांबडा रंग दिला की भेंडीचं फूल होतं, आणि ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचं वाण तर इथल्याच कृषी विद्यापीठाचं.