पट्टी बर्लिनमध्ये नव्हती

संपादकांनी लेख मागताना दोन अटी घातल्या: आफ्रिकेवर लिहा आणि सोपं लिहा. मला पहिलीच अवघड वाटते. भारताच्या नऊपट क्षेत्रफळ, ५४ देश, सुमारे १५० कोटी माणसं. एवढ्या पसाऱ्याबद्दल एकच विधान केलं की ते कुठेतरी खोटं पडतंच. मी लोकसंख्या-भूगोलाचा मास्तर. तरी लग्नाकार्यात भेटणारे विचारतात, "तिकडे फार ऊन असेल ना हो?" अदिस अबाबा २३०० मीटरहून उंचावर आहे, संध्याकाळी स्वेटर लागतो, असं सांगितलं की त्यांना मी थापा मारतोय असं वाटतं.

आफ्रिकेत माणूस कुठे राहतो हे पाणी, उंची आणि एक माशी यांनी बरंचसं ठरवलं. इजिप्तचे दहा कोटींहून जास्त लोक जवळजवळ सगळे नाईलच्या काठी आणि मुखाशी दाटलेले, बाकी वाळवंट. रवांडा, बुरुंडीचे डोंगर खच्चून भरलेले, कारण उंचावर पाऊस भरवशाचा, मलेरिया कमी आणि त्सेत्से माशीही नाही. खालच्या दमट रानात ती माशी असते, तिच्यामुळे गुरं टिकत नाहीत. मग नांगर नाही, शेणखत नाही, दाट वस्तीही नाही.

पण हे कुणाला ऐकायचं नसतं. सगळ्यांना पाठ असते ती बर्लिनची गोष्ट: युरोपियन मुत्सद्दी टेबलाभोवती बसले आणि पट्टीनं खंड कापून मोकळे झाले. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ ही परिषद झाली खरी. तिथं ठरलं ते काँगो आणि नायजर नद्यांवरच्या व्यापाराचं आणि किनाऱ्यावर नवा ताबा सांगायचा तर काय अटी पाळायच्या त्याचं. एकही आफ्रिकी सत्ताधीश तिथं नव्हता, ही लाजिरवाणी गोष्टही खरीच. सीमा मात्र बहुतेक पुढच्या दोन-तीन दशकांत, दोन-दोन देशांच्या करारांतून आखल्या गेल्या. १८९० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सनं नायजरकाठच्या साय गावापासून चाड सरोवरावरच्या बारुवापर्यंत रेषा ठरवली. सोकोटोच्या राज्याचा न्याय्य मुलूख ब्रिटिशांकडे, अशी अट त्यात होती. म्हणजे आधीच्या आफ्रिकी सत्तेचा विस्तार किती, हाच वादाचा मुद्दा! पुढे १८९८, १९०४, १९०६ मध्ये ती रेषा पुन्हा सरकली. आज तिच्या उत्तरेला नायजर देशातलं माराडी आहे, दक्षिणेला नायजेरियातलं कात्सिना. कात्सिनाच्या हौसा राजघराण्याला सोकोटोवाल्यांनी हुसकलं, तेव्हा त्याच घराण्यानं माराडीत बस्तान बसवलं होतं. म्हणजे हे वैर पट्टीच्या आधीचं. (संपादक इथं कात्री लावतील. लावू नये.)

यानं वसाहतवाल्यांचं पाप धुतलं जात नाही. पण 'सगळं बर्लिननं केलं' म्हणताना आपण आफ्रिकी राजे, व्यापारी, लढाया पुसून टाकतो, हे ध्यानात येत नाही. आफ्रिकी देशांनीच १९६४ मध्ये कैरोत ठराव करून त्या सीमा कायम ठेवल्या; विरोध सोमालिया आणि मोरोक्कोचा.

आज भांडण जास्त पेटतं ते रेषेच्या आत डोकी किती यावर. नायजेरियात संसदेतल्या जागा आणि तेलाच्या महसुलाचा वाटा लोकसंख्येशी जोडलेले, त्यामुळे प्रत्येक राज्याला जास्त माणसं हवी असतात. १९७३ ची जनगणना रद्द करावी लागली. २००६ मध्ये लागोस राज्याची लोकसंख्या राष्ट्रीय गणनेत ९० लाख भरली, म्हणजे उत्तरेतल्या कानोपेक्षा कमी. लागोसनं स्वतःची मोजणी पुढे केली: १ कोटी ७५ लाख. २०२३ ची ठरलेली जनगणना पुढे ढकलली गेली.

आज नायजेरियाचे सुमारे २३ कोटी लोक सांगतात, तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. आफ्रिकेतल्या दर सहा-सात माणसांत एक नायजेरियन. तिथला आकडा हलला की खंडाचा हलतो. मी तो विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो आणि चुकला तर गुण कापतो. कशाच्या जोरावर कापता, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.