यंत्रांचा पुढचा खेळ

महाविद्यालयीन विद्यार्थी यंत्रमानव घडवितात आणि त्यांच्या खेळांची 'रोबोकॉन' ही स्पर्धा २००२ पासून निरनिराळ्या देशांत भरते. खेळ दरवर्षी नवा असतो. तो यजमान देश ठरवितो आणि जाहीर होईपर्यंत गुप्त राखतो. मग तर्कांना ऊत आला तर नवल काय!

२००८ साली ही स्पर्धा आमच्या देहूरोडच्या शेजारी, पुण्यात झाली. तेव्हा यंत्रे चक्क गोविंदा झाली! २०२२ साली दिल्लीत लगोरी निघाली. फोडायचीही यंत्रांनी आणि रचायचीही यंत्रांनीच.

आता पुन्हा आपली पाळी आली तर? आयुध कारखान्याच्या वसाहतीतील मुलांत परवा यावरून कडाक्याचा वाद झाला. कोणी विटीदांडू म्हणे, कोणी भोवरा. इतक्यात एक मुलगी म्हणाली, "सागरगोटे!"

"हा तर मुलींचा खेळ!" मुले हसली.

ती मुळीच चिडली नाही. म्हणाली, "एक सागरगोटा वर उडवायचा, खालचे वेचायचे आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. यंत्राला एकाच वेळी वर आणि खाली पाहता येईल का?"

सगळे गप्प झाले. मला तिचा तर्क सर्वांत सरस वाटला. इतरांनी आपापला आवडता खेळ सांगितला होता. तिने यंत्राची अडचण हेरली होती.

विटीदांडूच्या कैवाऱ्याने तिच्याकडून सागरगोटे मागून घेतले. एक उडविला, वेचता वेचता हातातले चारही सांडले.