आजी, तू झेरॉक्स नाहीस!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. (याच चुकांनी मला पुढे छळलंय!)

बदलापूरला आमच्या गल्लीतल्या मंडळाने मोफत डोळे तपासणी शिबिर ठेवलं. नावनोंदणीचा ऑनलाईन फॉर्म करायचं काम अर्थातच 'कॉम्प्युटरवाल्या' माझ्याकडे आलं. पीएचपी, मायएसक्यूएल, दोन रात्री जागून तयार! पण पहिल्याच संध्याकाळी यादी फुगली. एकेकाचं नाव तीन-तीनदा! कर्जत लोकलमध्ये उल्हासनगर-अंबरनाथच्या मध्ये नेट अडकलं, की लोक 'सेव्ह' दाबत सुटतात. प्रत्येक वेळी नवी नोंद.

एकदा दाबल्यावर बटण बंद केलं. लोकांनी पान रिफ्रेश केलं, पुन्हा तेच. मग सेव्हच्या आधी 'हे नाव आहे का?' असं टेबलला विचारलं. तरी जोड्या निघाल्याच! कारण दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या, तर दोघींनाही 'नाही' हेच उत्तर मिळतं आणि दोघी लिहून मोकळ्या. लोकलमध्ये एका रिकाम्या सीटवर दोघं एकदम रुमाल टाकतात ना, अगदी तसं. शेवटी उपाय सापडला, युनिक की. पहारा डेटाबेसच करणार, दुसरी नोंद आली की परत. मी ती नाव-आडनावावर लावली आणि निवांत झोपले.

शिबिराच्या दिवशी माझ्याच आजीचं नाव यादीत नाही! बदलापूर गावातल्या एका आजींचं नाव-आडनाव हुबेहूब तेच, आणि त्यांनी फॉर्म आधी भरलेला. 'नोंद आधीच झाली आहे' असं स्क्रीनवर आलं, दादाला वाटलं झालं काम. उलट 'सुनीता' आणि 'सुनिता' अशा एकच काकू दोनदा आत!

आजी म्हणाली, "म्हणजे मी कुणाची झेरॉक्स का गं?"

काय बोलणार? माणूस वेगळा कशावरून ठरतो, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. एका माणसाला दोन क्रमांक जाऊ नयेत म्हणून तिथे नावावर भरवसा ठेवत नाहीत; दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळं आधीच्या नोंदींशी ताडून बघतात. गल्लीतल्या मंडळाला हे कुठून जमणार? मोबाईल नंबर धरावा, तर आमच्याकडे अख्ख्या घराचा मिळून एक.

आता प्रत्येक फॉर्म उघडतानाच त्याला एक टोकन नंबर मिळतो आणि युनिक की त्या टोकनवर आहे. मग बटण दहादा दाबा, नोंद एकच. नावं सारखी दिसली तर कोड काही पुसत नाही, फक्त खूण करतो. मग मंडळातलं कुणीतरी फोन करून विचारतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी आजीला सगळ्यात शेवटी तपासलं. मोतीबिंदू निघाला. यादी बघून तिला घरी पाठवलं असतं तर? एक नोंद जास्त झाली तर एक ओळ वाया जाते. एक कमी झाली तर आपली आजीसुद्धा असू शकते!