इथे नाव करून मिळेल!

ताबूत बघायला म्हणून कडेगावला गेले आणि अडकले एका पेंटरच्या दुकानात. सहा बाय आठच्या त्या टपरीवजा जागेत भेटलं अख्ख्या तालुक्याचं 'हू इज हू', तेही ऑइल पेंटमध्ये!

पुण्या-मुंबईच्या मंडळींना कडेगाव म्हटलं की एक तर काही आठवत नाही किंवा एकदम ताबूतच आठवतात. चूक तुमची नाही. शंभर फुटांहून उंच ताबूत, ते उचलणारे हिंदू आणि मुसलमान खांदे, दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा... कुठल्याही फीचर रायटरच्या तोंडाला पाणी सुटेल अशीच स्टोरी आहे ती. मीही त्याच लोभाने निघाले होते. हायवेने कराड, तिथून विट्याच्या रस्त्याला वळायचं आणि उसाच्या ट्रॉल्यांना चुकवत तासाभरात कडेगाव. सोप्पं!

पण स्टँडजवळ चहा शोधताना एक पाटी दिसली. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, खाली लाल शेडिंग: 'येथे नाव करून मिळेल.'

आता सांगा, करिअरच्या मागे धावून धावून दमलेली पुण्याची पोरगी ही पाटी वाचून पुढे जाईल का? आमची अर्धी पिढी नाव करण्यासाठीच तर घरदार सोडून बसली आहे. आत डोकावले.

"या की ताई, बसा. नंबरप्लेट आसंल तर आधीच सांगतो, आता न्हाय करत."

साठीच्या पुढचे अण्णा. (नाव छापू नको म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्या माणसाची ही अट मला जाम आवडली.) डाव्या हातात टेकूची काठी, तिच्यावर उजवं मनगट, बोटांत बारीक ब्रश. समोर पत्र्यावर खडूच्या दोऱ्याने मारलेल्या दोन रेघा आणि त्यांच्यामध्ये हळूहळू उमटणारा 'श्री'.

दादा, राम आणि बॉस

नंबरप्लेटचा सीझन हा अण्णांचा सुवर्णकाळ. सांगलीचा एमएच दहा सगळ्यांचाच सारखा. खरी कला पुढच्या चार आकड्यांत. इंग्रजी ४१४१ जरा वाकवला की 'दादा', २१४ ला शेपूट फुटली की 'राम', ४९१२ चा 'पवार' आणि ८०५५ चा 'बॉस'. आकडा आधी मिळवायचा आरटीओतून आणि मग यायचं अण्णांकडे, त्यातून नाव काढून घ्यायला. नियमात हे कधीच बसत नव्हतं. पोलिसांनी पकडलं की गिऱ्हाईक दंड भरायचं आणि पुन्हा इथेच यायचं.

एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीतूनच हाय सिक्युरिटी प्लेट येऊ लागली. पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. अण्णांच्या धंद्याचा एक पाय तिथेच गेला. ट्रकवाल्यांचं 'हॉर्न ओके प्लीज' त्याच्याही आधी, २०१५ मध्ये परिवहन विभागाने बंद केलं होतं.

"मग आता काय रंगवता?"

"जे मशिनला जमत न्हाय ते," अण्णा म्हणाले आणि 'श्री'ची वेलांटी एका दमात वर नेली.

मशिनला न जमणारी कामं

ही यादी मी वहीत उतरवून घेतली, कारण एवढा भन्नाट पोर्टफोलिओ मी एकाही अॅड एजन्सीत पाहिलेला नाही.

बेंदूर. आपल्याकडे पुस्तकात पोळा असतो, पण सांगली-साताऱ्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर. शिंगं घासून हुरमुंज लावायचं काम घरोघरी होतं. पण एखाद्या हौशी मालकाला शिंगावर बैलाचं नाव हवं असतं. गोल, निमुळत्या आणि सतत हलणाऱ्या शिंगावर! "माणूस नाव चुकलं तर बोंबलतो. बैल लिहू तर देत न्हाय, पण चुकलं तरी बोलत न्हाय," हा अण्णांचा अनुभव. सुप्रीम कोर्टाने शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये कायदाही उचलून धरला. तेव्हापासून शर्यतीचे बैल हे इकडचे खरे सेलिब्रिटी. अण्णांचं सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक कोण, या माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर एक बैलच होता.

लग्न. घराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, खाली 'चि.' आणि 'चि. सौ. कां.', दोन नावं आणि तारीख. पत्रिका कपाटात जाते, भिंतीवरची जोडी मात्र पुढचं पोर रांगायला लागलं तरी टिकते. एकदा हळदीच्या आदल्या दिवशी लग्न मोडलं. मुलीचा बाप रात्री अकरा वाजता सायकलवरून दारात. अण्णा काही न विचारता चुन्याची बादली घेऊन गेले आणि उजाडायच्या आत भिंत पांढरी केली. "त्याचं पैसं घेतलं न्हाईत. लिव्हायचं घेतो. पुसायचं कसं घेनार?"

भाऊबंदकी. 'हे घर विकणे नाही' अशी पाटी एका भावाने करून नेली. आठवड्याने दुसरा भाऊ आला, 'हे घर विकणे आहे' करून द्या म्हणाला. अण्णांनी दोघांचीही केली. घर अजून तसंच आहे, दोन्ही पाट्यांसकट.

आणि गलाईवाले. विटा-खानापूर-कडेगाव-आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कुठल्याही लांबच्या शहरातल्या सराफ बाजारात शिरा, एखाद्या अंधाऱ्या गल्लीत भट्टीसमोर बसलेला इकडचा माणूस सापडतोच. यात्रेला गावी आला की त्याला दुकानाची पाटी गावच्याच पेंटरची हवी असते. मग अण्णा कागदावर लिहून आणलेली तामिळ अक्षरं बघून बघून रंगवतात. एकही वाचता येत नाही. "चित्र म्हणून काढायचं. पण ताई, भीती वाटती. आपून काय लिवतोय ते आपल्यालाच ठावं न्हाय!"

(ही भीती मला रोज वाटते अण्णा, आणि मी तर मराठीत लिहिते.)

मोठी माणसं येत नाहीत

बैलाचं ठीक आहे, पण माणसांतले फेमस कस्टमर कोण? हा प्रश्न मी तीनदा विचारला. तालुकाच तसा वजनदार आहे. यशवंतराव चव्हाण १२ मार्च १९१३ रोजी जन्मले ते इथल्या देवराष्ट्र्यात. भारती विद्यापीठ उभं करणारे पतंगराव कदम इथल्या सोनसळचे. शेजारचं कुंडल हे प्रतिसरकारचं ठाणं. ब्रिटिशांची पगाराची गाडी शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी लुटणारी तुफान सेना याच मातीतली.

अण्णा हसले. "मोठी मानसं दुकानात येत न्हाईत. त्यांची नावं येतात."

कार्यकर्ता येतो, चिठ्ठी देतो. कमान, कोनशिला, शाळेची भिंत, पाणीयोजनेची पाटी. नावं तीच, हुद्दे बदलत जातात. आधी 'मा.', मग 'नामदार', मग 'माजी' आणि एक दिवस 'कै.' पतंगराव ९ मार्च २०१८ रोजी गेले तेव्हा तालुक्यातल्या किती पाट्यांवर नावाआधी एक अक्षर वाढवावं लागलं असेल! आपण राजकारण टीव्हीवर बघतो. अण्णांनी ते नावाच्या डाव्या बाजूला सोडलेल्या जागेत पाहिलं आहे. "म्हनून डावीकडं जागा सोडतोच मी. पुढं लागती."

फक्त माणसांचेच हुद्दे बदलतात असं नाही. गावाचंही तेच. कडेगाव जागचं हललेलं नाही, पण सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचा 'सांगली' झाला. पुढे खानापूर तालुक्यातून कडेगाव हाच वेगळा तालुका झाला. म्हणजे एकाच गावच्या पाटीला 'ता.' आणि 'जि.' पुन्हा पुन्हा नव्याने रंगवून घ्यावे लागले. सरकारचा एक कागद आणि पेंटरची दिवाळी!

अशीच एक दिवाळी अलीकडे येऊन गेली. राज्याने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असंही बजावलं. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली. शहरात गोंधळ उडाला. कडेगावात मात्र बहुतेक पाट्या आधीपासूनच मराठी. ऑर्डरी आल्या त्या 'मोबाईल शॉपी' नि 'मेन्स वेअर'वाल्यांच्या.

पेंटर हे आडनाव

या भागात पेंटरचा धंदा कुणाला कुठे नेईल सांगता येत नाही. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले. धंदाच आडनाव होऊन बसला. पुढे त्यांनी घरी कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत होते.

पण माझा फेव्हरिट किस्सा कडेगावच्या अगदी शेजारचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकार व्हायला गेले आणि तिथे कळलं की त्यांना काही रंग ओळखूच येत नाहीत. रंग सुटले, ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. ती जमीन दिली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, जे स्वतः हौशी नव्हे, चांगले चित्रकार होते. चित्रकार राजाने रंगांध कारखानदाराला माळ दिला आणि तिथून लोखंडी नांगर बाहेर पडले. औंधचं भवानी संग्रहालय पाहाल तेव्हा हा माळ आठवा.

अण्णांना हा किस्सा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उजवा हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती. टेकूची काठी स्टाईल म्हणून नव्हती तर.

"दोन वर्षं झाली. सकाळी दहापर्यंत स्थिर असतो. म्हनून बारीक काम सकाळी. दुपारी नुसता हात मारायचा, पत्र्याला रंग." मुलगा शेजारीच फ्लेक्स आणि रेडियमचं दुकान चालवतो. वाढदिवसाचे दादा, भाऊ, आबा तिथे तासाभरात छापून निघतात. बापलेकांत भांडण नाही. मुलगाच बापाला फॉन्ट दाखवायला येतो: "आण्णा, ह्यो 'र' बरोबर हाय का बगा." तेवढं एक काम अजून मशिनकडे गेलेलं नाही.

"बंद करणार?"

"हात सांगंल तवा. त्यो अजून सकाळचा हो म्हनतोय."

माझी ऑर्डर

निघताना म्हटलं, माझंही नाव करून द्या. दारावरची पाटी. अण्णांनी विचारलं, "आधीची कुठं हाय? मापाला?"

आधीची नव्हतीच. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं. हॉस्टेल, पीजी, तीन भाड्याचे फ्लॅट. प्रत्येक दारावर मालकाचं नाव, नाहीतर आधीच्या भाडेकरूच्या स्टिकरचा डाग. गावाकडच्या घरावर आजोबांचं नाव, मग बाबांचं. दर आठवड्याला माझं नाव छापून येतं आणि रद्दीत जातं. दारावर ते एकदाही नव्हतं. हे सगळं मी बोलले नाही, फक्त "पहिलीच आहे" म्हटलं.

"मंग उद्या सकाळी या. दहाच्या आत."

सकाळी आठला पोचले. वाटेत ताबुतांचे बांबू उभे होत होते. आधी कळस बांधतात आणि मग पाया, असं गावकरी सांगतात. एकेक मजला खालून जोडत वरचा उचलत न्यायचा. कारागिरांत कोण कुठल्या धर्माचा, हे विचारायला मी आले होते खरी. दोन तास बघितल्यावर प्रश्नच बावळट वाटला आणि विचारला नाही. दुकानात पाटी तयार होती. हिरव्यावर पांढरं, एकही रेघ न थरथरलेली. साडेचारशे रुपये.

नावाच्या डावीकडे चांगली बोटभर जागा रिकामी होती.

"अण्णा, ही जागा?"

"आसू दे," ते म्हणाले. "पुढं लागती."

भाडेकरारात भिंतीला खिळा ठोकायचा नाही असं कलम आहे. पाटी डबल टेपवर लावली आहे. पावसाळ्यात दोनदा पडली, दोनदा परत चिकटवली.

जाणार असाल तर...

पुण्याहून कराडपर्यंत हायवे, तिथून विट्याच्या दिशेने कडेगाव. मोहरमची तारीख चंद्रावर आणि दर वर्षी अकरा-बारा दिवस मागे सरकते, म्हणून आधी कॅलेंडर बघा. ताबुतांच्या भेटींच्या दिवशी गाडी गावाबाहेरच लावा. सोबत देवराष्ट्रे आणि सागरेश्वर अभयारण्य एका दिवसात होतं. संध्याकाळी मोहित्यांच्या वडगावात असाल तर सातचा भोंगा ऐका. २०२२ मध्ये या गावाने रोज दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं आणि देशभर नाव केलं. आणि पाटी करून घ्यायची असेल तर सकाळीच पोचा. दहाच्या आत!