लंकेचे डोंगर, लंकेचा समुद्र आणि आपला खिसा

श्रीलंका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कॅंडीचे दंतविहार उभे राहते. ते योग्यच आहे. संघमित्रा थेरींनी नेलेली बोधिवृक्षाची फांदी जिथे रुजली, आणि १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने परमपूज्य बाबासाहेब जिथे जाऊन आले, त्या भूमीकडे आपण धम्मयात्रा म्हणूनच पाहणार. परंतु यात्रा करून आलेली आपली मंडळी भेटली की आम्ही त्यांना दोन प्रश्न विचारतो. डोंगर चढलात का? समुद्रात गेलात का? उत्तर बहुधा एकच येते : "छे हो, ते आपल्याला कुठे परवडते!"

परवडते की नाही, हे हिशेब केल्यावाचून कसे कळणार? आम्ही कारकून माणसे, हिशेब तेवढा आम्हाला येतो. म्हणून हा लेख.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या विहारातील चार कुटुंबे मिळून आम्ही अकरा जण लंकेला गेलो. कोणी नर्स, कोणी शाळामास्तर, कोणी एस. टी. त, आम्ही कारकून. सर्वांत लहान नववीतला, सर्वांत थोर आमच्या मातोश्री, वय ६८. विमानभाडे आणि मुक्कामाचा खर्च ज्याचा त्याने केला. बाकी सर्वांसाठी एक सामाईक पाकीट ठेवले आणि निघण्यापूर्वीच्या बैठकीत एक ठराव केला : मोठा खर्च एकदाच करायचा, आणि जो करायचा तो अकराही जणांसाठी. चौघे पैसे भरून मजा करणार आणि सात जण खाली उभे राहून टाळ्या वाजवणार, असे चालणार नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. त्याची किंमत पुढे कळली.

आधी स्वस्तातले सांगतो. अनुराधपुरात आणि पोलोन्नरुवात सायकल भाड्याने मिळते, आणि तिथले विस्तीर्ण अवशेष पाहण्याचा यापेक्षा चांगला मार्ग आम्हाला माहीत नाही. झाडांच्या सावलीतून, जुन्या तळ्यांच्या बांधावरून, माकडांना चुकवत फिरायचे. लंकेच्या जुन्या राजांनी बांधलेले हे तलाव मुद्दाम पाहावेत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या बांधांतले पाणी आजही भातशेतीला जाते. मातोश्रींसाठी मात्र रिक्षा केली. अनुराधपूरपासून बारा किलोमीटरवर मिहिंतले. महिंद थेर आणि देवानंपिय तिस्स राजा यांची भेट झाली ती ही टेकडी. तिच्या १८४० पायऱ्या चाफ्याच्या झाडांखालून जातात. सकाळी सातच्या आत चढाव्यात, पुढे दगड तापतो आणि अनवाणी पाय पोळतात.

मग सिगिरिया. सपाट रानातून एकदम वर आलेला सुमारे दोनशे मीटरचा कातळ. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्यावर राजवाडा बांधला. त्याच्यानंतर तिथे अनेक शतके भिक्खूंचा विहार होता. परदेशी माणसाला तिकीट ३५ डॉलर. भारतीय पासपोर्ट दाखविला तर सार्क देशांची सवलत मिळते, म्हणून पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नये. तरीही अकरा माणसांचे तिकीट म्हणजे पाकिटाला चांगलेच भोक. समोरच पिदुरंगला नावाचा दुसरा कातळ आहे. त्याचे प्रवेशशुल्क अगदी किरकोळ. पायथ्याशी विहार आहे, अर्ध्या वाटेवर विटांची पहुडलेली प्राचीन बुद्धमूर्ती आहे. शेवटी मात्र मोठमोठ्या धोंड्यांवरून हातापायांनी चढावे लागते. मातोश्री आणि दोघी जणी मूर्तीपाशी बसून राहिल्या, आम्ही वर गेलो. ज्याला इतिहासाची, भित्तिचित्रांची आवड आहे त्याने सिगिरियाचे तिकीट जरूर काढावे, पैसे वसूल होतात. पण ज्याला सूर्योदय पाहायचा आहे त्याने पिदुरंगला चढावा, कारण सिगिरियाच्या माथ्यावरून सिगिरिया दिसत नाही.

आणि याच कातळावर आमच्या ठरावाची परीक्षा झाली. सूर्य वर आला तसे समोरच्या रानातून गरम हवेचे फुगे वर आले. लाल, पिवळे, अगदी निःशब्द. खाली टोपलीत माणसे. आमची कन्या आणि मास्तरांचा मुलगा यांनी हे फुगे आधीच फोनवर पाहून ठेवले होते. "एकदाच, बाबा!" भाव माणशी दोनशे डॉलरच्या वर. अकरा जणांचे आपले दोन लाख रुपयांच्या आसपास. पाकिटात तेवढे नव्हतेच. मुलांनी तोड काढली की आम्ही दोघेच जातो. मास्तर जरा विरघळले. पण नर्सबाईंनी ठरावाची आठवण दिली, आणि कन्या दुपारपर्यंत आमच्याशी बोलली नाही. तिचे चुकले असे आम्हाला वाटत नाही. अठराव्या वर्षी आकाशात जावेसे वाटणारच.

कॅंडीहून आम्ही हॅटनला गेलो ते श्रीपादासाठी. इंग्रजीत ॲडम्स पीक म्हणतात तो हा डोंगर, उंची २२४३ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर, त्यावरून अंदाज करावा. पाच हजारांहून अधिक पायऱ्या, आणि तिकीट नाही. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत हंगाम असतो. त्या दिवसांत वाटभर दिवे असतात आणि चहाची दुकाने रात्रभर उघडी असतात. पौर्णिमेला आणि सुट्टीच्या दिवशी मात्र जाऊ नये, पायरीवर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

माथ्यावर एक पाऊल आहे. बौद्ध म्हणतात ते भगवान बुद्धांचे, हिंदू म्हणतात शिवाचे, मुसलमान म्हणतात आदमचे, ख्रिस्ती लोकांतही त्याची कथा आहे. आपण बाबासाहेबांच्या शिकवणीतली माणसे, पाऊल खरे कोणाचे या वादात आम्ही पडलो नाही. आम्हाला पाहायची होती ती वाट.

रात्री दीड वाजता निघालो. खाली जपानी भिक्खूंनी उभारलेला शांतिस्तूप लागतो. पुढे एका ठिकाणी लोक पांढऱ्या दोऱ्याचे रीळ सोडत जातात, दोऱ्यांचे जाळेच झालेले असते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "करुणावयी" म्हणतो. आपण जयभीम म्हणतो तसे म्हटले तरी चालेल. कडेवर मूल घेतलेले बाप, पांढऱ्या साडीतल्या ऐंशीच्या आजी, कॉलेजची पोरे, गोरे पर्यटक, सारे एकाच पायरीवर धापा टाकत. कोण कोणाच्या पुढे, हे फक्त गुडघे ठरवतात. मातोश्रींना आम्ही मधल्या चहाच्या दुकानापर्यंतच नेणार होतो. तिथे एका लंकेच्या आजीने त्यांचा हात धरला आणि दोघी चालू लागल्या. ह्यांना सिंहली येत नाही, त्यांना मराठी येत नाही. काय बोलत होत्या ते त्यांनाच ठाऊक. दर दहा पायऱ्यांना बसत दोघी सूर्योदयाच्या थोड्या आधी माथ्यावर पोचल्या. वर एक घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे, अशी रीत. त्या आजींनी टोल दिले ते आम्हाला मोजता आले नाहीत. मातोश्रींनी एक दिला. सूर्य वर आला आणि डोंगराची त्रिकोणी सावली खालच्या धुक्यावर पडली. वर थंडी चांगलीच असते, स्वेटर आणि कानटोपी हवीच. उतरताना पिंढऱ्यांचे हाल होतात, दुसरा दिवस मोकळा ठेवावा.

अकरा जणांचा या रात्रीचा खर्च झाला तो चहा, बिस्किटे आणि दानपेटीपुरता.

हॅटनहून एल्लाची गाडी पकडली. थर्ड क्लासचे तिकीट इतके स्वस्त की विश्वास बसत नाही, आणि खिडकीतून दिसते ते मात्र फर्स्ट क्लास. चहाचे मळे, धबधबे, ढगातली स्थानके. पत्तिपोला हे सर्वांत उंच स्थानक, १८९१ मीटर. तरुण मंडळी दारात लोंबकळून फोटो काढतात ते मात्र करू नये, बोगद्यांच्या भिंती फार जवळून जातात. एक गोष्ट सांगणे जरूर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'दित्वा' चक्रीवादळाने याच डोंगरभागात दरडी कोसळल्या, लंकेत शेकडो माणसे दगावली, रेल्वेमार्गाचेही मोठे नुकसान झाले. म्हणून जाणाऱ्यांनी कोणता टप्पा सुरू आहे याची चौकशी करूनच बेत आखावा.

या मळ्यांकडे नुसते 'सुंदर देखावा' म्हणून पाहून आम्हाला पुढे जाता आले नाही. पाठीवर टोपली बांधून उतारावर उभ्या असलेल्या त्या बायका कोण? इंग्रजांनी तमिळ मुलखातून मजुरीसाठी नेलेल्या लोकांची ही लेकरे. त्यांतले पुष्कळ आपल्यासारखेच गावकुसाबाहेरचे. सिलोन स्वतंत्र झाले त्याच वर्षी, १९४८ साली, कायदा करून यांतील लाखोंना नागरिकत्वापासून दूर ठेवले. तो प्रश्न मिटायला २००३ उजाडले. त्यांच्या बराकीसारख्या 'लाईन' खोल्या गाडीतून दिसतात. लंकेत सारे बौद्ध, तेव्हा जातपात नसेल, असे समजून कोणी जाऊ नये. भिक्खूसंघातला सर्वांत मोठा सियाम निकाय आजही गोविगम जातीबाहेरच्यांना सहसा दीक्षा देत नाही. लग्नाच्या जाहिरातींतही जात छापलेली असते. आम्हाला याचे वाईट वाटले, आश्चर्य फारसे वाटले नाही.

एल्लाला दोन दिवस राहिलो. 'लिटल ॲडम्स पीक' ही टेकडी मळ्यांतून तासाभरात चढून होते, तिकीट नाही. तिथून तारेला लटकून दरीवरून घसरण्याचा खेळही आहे, तो पैसे मोजून. नऊ कमानींचा दगडविटांचा पूल १९२१ चा, पाहायला फुकट. तिथल्या मुक्कामी रात्री कन्येने वही काढली. २०२४ साली मळेकामगारांची किमान मजुरी रोज १३५० लंकन रुपये ठरली, हे तिने वाचले होते. आपल्या एका रुपयाला साडेतीनच्या आसपास लंकन रुपये मिळत. तिने भागाकार केला : फुग्यातला एक तास म्हणजे मळ्यातल्या बाईची चव्वेचाळीस दिवसांची मजुरी. आम्ही मनात म्हटले, शहाणी झाली पोर. तोच मास्तरांचा मुलगा म्हणाला, "मग देवमाशांच्या बोटीचाही हिशेब करा की!" केला. माणशी सुमारे दहा दिवसांची मजुरी. कोणीच काही बोलले नाही. मग नर्सबाई म्हणाल्या, "विमानाच्या तिकिटाचा करा, म्हणजे इथे यायलाच नको होते." त्यावर वाद रात्री अकरापर्यंत चालला आणि मिटला नाही. सकाळी आम्ही दक्षिणेला मिरिस्साला निघालो.

कारण आमचा एकमेव मोठा खर्च ठरला होता तो हा. मिरिस्साच्या समुद्रात नोव्हेंबर ते एप्रिल निळे देवमासे दिसतात. इथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून जगातला हा सर्वांत मोठा प्राणी किनाऱ्याजवळ येतो. बोट सकाळी साडेसहाला सुटते. भाव माणशी चाळीस-पन्नास डॉलर. अकरा जण एकदम असल्याने घासाघीस करता आली, तरी चाळीस हजारांच्या आसपास रुपये गेले. बोट निवडताना स्वस्त कोणती हे विचारू नये, देवमाशापासून अंतर किती ठेवता ते विचारावे. काही बोटी पार अंगावर जातात, मासा घाबरून बुडी मारतो आणि सर्वांचेच पैसे बुडतात. उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी, आणि न्याहारी हलकी करावी. आमच्यापैकी पाच जणांनी हे ऐकले, सहा जणांनी ऐकले नाही.

दोन तास नुसते पाणी. मग डावीकडे एक पांढरा फवारा उठला, दोन मजल्यांइतका उंच. त्यामागून निळसर करडी पाठ वर आली आणि येतच राहिली, येतच राहिली, जणू लोकल गाडी फलाटावरून संथपणे निघाली आहे. बोटीचे इंजिन बंद होते. श्वासाचा आवाज आम्हाला ऐकू आला. मग शेपूट उभी राहिली, पाणी निथळले, आणि तो गेला. मातोश्री म्हणाल्या, "एवढा जीव, आणि कुणाला काही करत नाही." कन्येने फोन बाहेर काढलाच नव्हता.

दुपारी वेलिगामाला पोरांनी लाटांवर उभे राहायची फळी भाड्याने घेतली. तिथला समुद्र उथळ आणि मऊ, शिकणाऱ्यांना सोयीचा. पडून पडून दोघांची कोपरे सोलली. संध्याकाळी गॉलच्या किल्ल्याच्या तटावरून चाललो, तिथेही तिकीट नाही. दुसऱ्या दिवशी कोलंबोच्या गाडीत बसलो. ही गाडी समुद्राला इतकी लागून जाते की भरतीला तुषार खिडकीशी येतात, म्हणून गॉलहून निघताना डाव्या बाजूची जागा धरावी. सामाईक पाकीट उघडले तेव्हा त्यात अकरा तंबिलींपुरते पैसे होते. तंबिली म्हणजे तिथला नारिंगी शहाळा. कोलंबो फोर्ट स्टेशनाबाहेर ते फोडून घेतले आणि विमानतळाची बस पकडली.