आगगाडी वाजविणारा वादक

गेल्या सुटींत केन बर्न्स या अमेरिकन दिग्दर्शकाची ‘कंट्री म्यूझिक’ ही २०१९ सालची माहितीपट-मालिका मीं पाहिली. तिचे आठ भाग असून सर्व मिळून ती सुमारें सोळा तासांची आहे. तींत नामांकित गायक पुष्कळ आहेत. पण माझें मन जडलें तें एका ठेंगण्या, कृश वादकावर. त्यांचें नांव डीफोर्ड बेली.

बेली यांचा जन्म १८९९ सालीं टेनेसी संस्थानांत एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. तीन वर्षांचे असतां पोलिओनें त्यांना अंथरुणास खिळविलें. पडल्या पडल्या माउथ ऑर्गन मात्र वाजवितां येई. बाहेरून कानीं पडणारे कुत्र्यांचे व आगगाडीचे आवाज ते त्यावर उमटवूं लागले. पुढें हीच आगगाडी नॅशव्हिल येथील नभोवाणीवरून घरोघर ऐकूं गेली. १९२७ च्या डिसेंबरांत त्यांच्या वादनानंतर निवेदक जॉर्ज हे यांनीं ‘ग्रँड ऑपेरा’ या भारदस्त शब्दावर कोटी करून आपल्या कार्यक्रमास ‘ग्रँड ओल ऑप्री’ असें नांव दिलें. तें आजही कायम आहे.

रॉय एकफ हे विख्यात गायक नवखे असतां बेलींच्या नांवावर श्रोते जमत. तरीही दौऱ्यांत गोऱ्या सोबत्यांना मिळणारी खानावळ व मुक्कामाची खोली बेलींना वर्णामुळें नाकारली जाई. १९४१ सालीं गीतांच्या हक्कांवरून नभोवाणी-केंद्रांचा तंटा झाला. बेलींना आपल्या परिचित चिजा वाजविण्याची मनाई झाली आणि अखेर त्यांनाच काढून टाकण्यांत आलें. मग जोडे पुसण्याच्या दुकानावर त्यांनीं चरितार्थ चालविला. १९८२ सालीं ते वारले. कंट्री संगीताच्या सन्मानमंदिरांत त्यांना स्थान मिळालें तें २००५ सालीं!

हें पाहिल्यावर मीं त्यांचें जुनें ध्वनिमुद्रण मिळवून घरीं लावलें. गाडी दुरून आली, धडधडत जवळून गेली आणि हळूहळू विरली. “यांत गाणारा कोण?” वडिलांनीं विचारलें. गाणारा कोणीच नव्हता. एका माणसाचा श्वास तेवढा होता.

त्या श्वासाचा मान चौसष्ट वर्षांनीं झाला. मालिकेनें ही कथा सांगितली याबद्दल मी तिचा ऋणी आहें. तथापि, वाचकहो, कलावंताचें देणें मागाहून फेडलें तर तें इतिहासाच्या वहींत जमा होतें, त्याच्या हातीं पडत नाहीं. तें ज्याचें त्याला हयातींतच पोंचवावें.